दमदमची गोळी

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात हेगच्या परिषदेविषयी सांगत असता एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, ही 'डमडम' गोळी म्हणजे इंग्रजी शब्द, की आपल्या कलकत्त्याजवळचे दमदम?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जुनी माणसे कलकत्त्याच्या विमानतळाला अजूनही ज्या नावाने ओळखतात ते दमदम आणि युरोपातल्या कोशांत जाऊन बसलेला 'डमडम' हा शब्द ही दोन्ही एकच. आपल्याकडच्या गावांची नावे अशी परदेशी गेलेली आहेत. कालिकतवरून 'कॅलिको' झाले, काश्मीरवरून 'कॅशमिअर' झाले. पण ती गेली कापडाबरोबर, लोकरीबरोबर. दमदमचे नाव गेले ते माणसाच्या अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या बंदुकीच्या गोळीबरोबर. आज तुम्हांला त्या गोळीची हकीकत सांगावयाची आहे. ती सांगताना निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींकडे वळावे लागेल, कारण या एवढ्याशा गोळीवर सव्वीस राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी बसून वाद घातला. आणि तो वाद वाचताना मला तरी असे वाटते की, खरा प्रश्न गोळी कशी आहे हा नव्हता. ती कोणाच्या अंगात शिरणार, हा होता.

दमदम आपल्याला तसे आधीच माहीत आहे. तेथे कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी होती, दारूगोळ्याचा कारखाना होता. १८५७ च्या जानेवारीत याच कारखान्यातल्या एका कामगाराने एका ब्राह्मण शिपायाकडे पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून लोटा दिला नाही, तेव्हा कामगार म्हणाला, लवकरच गाई-डुकरांच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडायची पाळी येणार आहे, मग तुमची जात राहील कोठे? पुढचे सारे शाळेपासून आपण वाचत आलो आहोत. काडतुसासाठी इतिहासात एकदा नाव गाजलेले हे गाव चाळीस वर्षांनी पुन्हा काडतुसासाठीच गाजले.

त्याचे असे झाले. १८८८ साली ब्रिटिश सैन्यात ली-मेटफर्ड ही नवी रायफल आली. तोवरच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी निव्वळ शिशाची, जाड, साडेअकरा मिलिमीटर व्यासाची होती. नवी गोळी पावणेआठ मिलिमीटरची, शिशावर कठीण धातूचे वेष्टन असलेली. ती दूर जाई, सरळ जाई, आणि अंगात शिरली की बहुधा आरपार निघून जाई. हाडाला किंवा मर्मस्थळाला लागली नाही तर मागे एक बारीकसे भोक राहावयाचे, आणि ते लवकर भरूनही यावयाचे. काही शस्त्रवैद्यांनी तर हिला दयाळू गोळी म्हटले. सैनिकांना मात्र ही दया पसंत पडली नाही. १८९५ साली चित्रळच्या मोहिमेवर गेलेल्या पलटणी तक्रार घेऊन आल्या की, गोळी लागूनही माणूस पडत नाही, तलवार उगारून अंगावर येतच राहतो. मग दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने उपाय काढला. वेष्टन टोकाशी किंचित आखूड ठेवावयाचे, शिशाचे टोक उघडे राहू द्यावयाचे. उपाय एवढाच. पण अशी गोळी अंगात शिरली की पुढचे मऊ शिसे चेपून छत्रीसारखे पसरे, आणि हाडाचा चुरा, मांसाच्या चिंध्या करीत बाहेर पडे. शिरताना करंगळीएवढे भोक, निघताना मुठीएवढे.

१८९७ हे वर्ष आपल्या लक्षात आहे ते निराळ्या कारणांनी. पुण्यातला प्लेग, जूनमध्ये रँडचा वध, सप्टेंबरात टिळकांना झालेली अठरा महिन्यांची सक्तमजुरी. त्याच पावसाळ्यात वायव्य सरहद्दीवर स्वातपासून खैबरपर्यंत टोळ्या उठल्या होत्या, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी जनरल लॉकहार्टच्या हाताखाली पस्तीस हजारांच्या आसपास फौज आफ्रिदींच्या तिराह प्रदेशात घुसली. गावे जाळली गेली, बुरूज सुरुंगाने उडवले गेले, साठवलेले धान्य नेले गेले. थंडीचे दिवस होते, हे विसरू नये. दमदमच्या गोळीची खरी कसोटी या सरहद्दीच्या लढायांत लागली, आणि लष्कराच्या दृष्टीने ती उतरली. त्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते. सरहद्दीच्या या चढाऊ धोरणाचा तेथे निषेध झाला, आणि त्याचा खर्च एकट्या हिंदुस्थानच्या माथी मारू नये, असेही मागण्यात आले. दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेला देश लढाईचे पैसे भरत होता, हे आपल्या पुढाऱ्यांना स्पष्ट दिसत होते. गोळीविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. ती लागत होती ते लोक फार लांबचे होते.

बोलले ते दुसरेच, आणि तेही दोन वर्षांनी.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये रशियाचा झार दुसरा निकोलस याने सर्व राष्ट्रांना एक पत्रक धाडले: शस्त्रास्त्रांचा खर्च प्रजेला चिरडून टाकीत आहे, तेव्हा एकत्र बसून ही चढाओढ थांबवू या. युरोपातल्या शांततावाद्यांना हर्षवायू व्हावयाचाच बाकी राहिला. परंतु इतिहासाच्या माणसाने अशा पत्रकाची मागची बाजूही पाहावी. ऑस्ट्रिया भराभर डागता येणाऱ्या नव्या तोफा घेत होता. रशियाला तशाच घेणे भाग होते, आणि खजिन्यात तेवढा पैसा नव्हता. तरीही मी झाराला सर्वस्वी ढोंगी म्हणणार नाही. वॉर्साचा एक धनिक, रेल्वेचा कंत्राटदार इव्हान ब्लॉख, याने त्याच वर्षी सहा खंडांचा ग्रंथ लिहून दाखवून दिले होते की, यापुढच्या लढाईत सैनिक खंदकांत रुतून बसतील, कोणी जिंकणार नाही, आणि घरी प्रजा उपाशी मरेल. सोळा वर्षांनी ते अक्षरशः खरे ठरले. सेनापतींनी मात्र तो ग्रंथ एका सावकाराचा म्हणून बाजूला ठेवला.

१८ मे १८९९ रोजी, झाराच्या वाढदिवशी, हॉलंडमधील हेगच्या राजवाड्यात परिषद भरली. आशियातून चीन, जपान, इराण, सयाम आणि तुर्कस्तान होते. सैन्य वाढवणे थांबवावे, या मूळ सूचनेची वासलात लवकरच लागली. जर्मनीच्या कर्नल श्वार्त्सहोफने सांगितले की, आमची प्रजा काही या ओझ्याखाली चिरडलेली नाही, ती मजेत आहे. आणि बाकीच्यांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. मग उरली काही विशिष्ट शस्त्रे. बलूनमधून स्फोटके टाकू नयेत, श्वास कोंडणारे वायू पसरवणारे गोळे वापरू नयेत आणि अंगात पसरणारी गोळी वापरू नये, अशी तीन घोषणापत्रे पुढे आली. बलूनचे फक्त पाच वर्षांपुरते होते. ते सोडून देऊ. वायूचे नंतर पाहू.

गोळीचा प्रश्न निघाला तेव्हा ब्रिटनच्या बाजूने उठले सर जॉन आर्डा. हे गृहस्थ हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॅन्सडाऊन यांचे खासगी चिटणीस होते. म्हणजे सरहद्दीविषयी ऐकीव बोलत नव्हते. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. सुधारलेल्या देशाच्या शिपायाला गोळी लागली की तो समजतो, आपण जखमी झालो. मग तो खाली बसतो, रुग्णवाहकांची वाट पाहतो. रानटी माणसाचे तसे नाही. दोन-तीन गोळ्या लागल्या तरी तो पुढे येतो, आणि हेगच्या परिषदेचा निर्णय तू मोडतो आहेस, हे त्याला समजावून सांगण्याच्या आत तो तुमचे डोके उडवतो. तेव्हा त्याच्यासाठी निराळी गोळी हवी. परिषदेच्या इतिवृत्तात हे छापलेले आहे. माणूस विनोदी असावा.

याला उत्तर दिले रशियाच्या प्रतिनिधीने. तो म्हणाला की, रानटी शत्रू आणि सुधारलेला शत्रू असा भेद करता येणार नाही; दोघेही माणसेच आहेत आणि दोघांनाही सारखीच वागणूक मिळाली पाहिजे. उत्तम बोलला. पण अठराच वर्षांपूर्वी, १८८१ च्या जानेवारीत, मध्य आशियात ग्योक-तेपेचा किल्ला पडल्यावर याच रशियाच्या स्कोबेलेव्ह या सेनापतीने पळून जाणाऱ्या तुर्कमेनांचा पाठलाग करून हजारोंची कत्तल केली होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. तुम्ही विचाराल, मग त्याच्या बोलण्याला किंमत ती काय? मला वाटते, किंमत आहे. खोट्या तोंडून निघालेले खरे वाक्यही एकदा कागदावर उतरले म्हणजे पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडते.

मत घेतले तेव्हा बहुतेक सर्व राष्ट्रे बंदीच्या बाजूने गेली. विरुद्ध उभी राहिली ती ब्रिटन आणि अमेरिका. अमेरिका त्याच वेळी फिलिपिन्समध्ये लढत होती, हे लक्षात ठेवा. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी घोषणापत्राचे शेवटचे कलम वाचावयास लावतो. बंदी पाळावयाची ती सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतल्या युद्धापुरती. सही न केलेले राष्ट्र त्या युद्धात उतरले की बंधन सुटले. आता आफ्रिदी टोळ्या सही करावयास कोठून येणार? त्यांना हेगचे आमंत्रणच नव्हते. म्हणजे आर्डासाहेबांचा मुद्दा मतदानात हरला, आणि मसुद्यात जिंकला. ही फट बुजायला किती काळ लागला, ते पाहा. १९९८ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला, त्यात अशी गोळी वापरणे हा युद्धगुन्हा ठरला, पण दोन राष्ट्रांच्या युद्धातच. देशांतर्गत संघर्षातही तो गुन्हा धरावा, ही दुरुस्ती झाली २०१० साली कंपालामध्ये, आणि तीही ती स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरती. आपण भारतीय तर रोमच्या त्या कराराचेच सदस्य नाही.

परिषद उठल्यावर अडीच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. ब्रिटनची घोषणापत्रावर सही नव्हती. बोअरांवर पसरणारी गोळी झाडायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती. पण ब्रिटिश सरकारने ठरवले की, ती तेथे वापरावयाची नाही. त्या बनावटीत काही दोष निघाले होते, हे खरे. तथापि बोअर गोरे होते, ख्रिस्ती होते, आणि सारा युरोप पाहत होता, हेही तितकेच खरे. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १८९८ मध्ये, सुदानात ओमदुर्मानच्या मैदानावर एका सकाळी सुमारे दहा हजार दरवेशी मारले गेले होते, आणि त्या मोहिमेत ब्रिटिश शिपायांनी गोळ्यांची टोके कानशीने घासून बोथट केली होती. तेव्हा असा विचार कोणाला सुचला नाही.

१९०७ साली ब्रिटनने अखेर सही केली. पण तोवर अणकुचीदार टोकाच्या गोळ्यांचे दिवस आले होते. १९१० साली ब्रिटिश सैन्यात आलेल्या नव्या गोळीच्या टोकात शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम भरलेले असे. त्यामुळे वजन मागे जाई, आणि अंगात शिरताच ती कोलांटी खाई. वेष्टन शाबूत, कायदा शाबूत. जखम मात्र जवळजवळ जुन्यासारखीच. मसुदा लिहिणारे वकील असतात आणि गोळी बनवणारे इंजिनिअर. त्यांत इंजिनिअर नेहमी एक पाऊल पुढे असतो.

वायूचेही तसेच. १८९९ च्या घोषणापत्रात शब्द होते ते वायू पसरवणाऱ्या 'गोळ्यां'विषयी. अमेरिकेचे कॅप्टन महान यांनी तेव्हा सही करण्याचे नाकारून विचारले होते की, मध्यरात्री बोटीचा तळ फोडून चारपाचशे माणसे पाण्यात गुदमरून मारलेली चालतात, मग वायूने गुदमरली तर एवढे काय? प्रश्न निर्दय होता. पण त्याला धड उत्तर कोणी दिले नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जमच्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तो गोळ्यांतून नव्हे, जमिनीत पुरलेल्या हजारो नळकांड्यांतून, वाऱ्यावर. आम्ही कोठे गोळा टाकला, असे म्हणावयास ते मोकळे. पहिला तडाखा बसला तो फ्रेंचांच्या बाजूच्या तुकड्यांना, आणि त्यांत अल्जीरियातून आणलेले शिपाई होते. फळीला पडलेले भगदाड बुजवायला ज्यांना तातडीने चालवत आणले त्यांत आपली लाहोर डिव्हिजन होती.

२६ एप्रिलला दुपारी या डिव्हिजनने उघड्या मैदानातून हल्ला चढवला. समोरून वायू आला. मुखवटे नव्हते. शिपायांनी पागोट्याची टोके, रुमाल, जे मिळेल ते ओले करून तोंडाशी धरले. आठवडाभरात या एका डिव्हिजनची जवळजवळ चार हजार माणसे मेली किंवा जायबंदी झाली. त्या दिवशी एका पलटणीतले गोरे अधिकारी पडल्यावर उरलेले शिपाई एका जमादाराने गोळा केले, वायूने अर्धवट बेशुद्ध झालेल्यांनाही उठवून खंदक धरून ठेवला, आणि अंधार पडल्यावर आठ जखमी अधिकारी, गोरे आणि हिंदी, मागे आणण्यास हात दिला. त्याचे नाव मीर दस्त. जात आफ्रिदी. गाव तिराहमधले मैदान.

तिराह म्हणजे तेच, १८९७ चे. ज्यांच्यासाठी निराळी गोळी हवी म्हणून हेगला भाषण झाले, त्यांच्यातलाच हा. त्या साली तो स्वतः इंग्रजांच्या पलटणीत होता, हीही सरहद्दीची एक रीतच. आणि त्याचा भाऊ मीर मस्त दुसऱ्या पलटणीत होता. तो १९१५ च्याच मार्च महिन्यात फ्रान्समध्ये रात्री खंदक ओलांडून काही साथीदारांसह जर्मनांना जाऊन मिळाला होता. एका घरातले दोन भाऊ दोन बादशहांच्या बाजूंनी, आणि युद्ध तिसऱ्याच मुलखात.

मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रायटन शहरात घुमटांचा, हिंदुस्थानी थाटाचा एक राजवाडा आहे. तेथे हिंदी जखमींचे इस्पितळ केले होते. ऑगस्टमध्ये पंचम जॉर्ज बादशहाने तेथे येऊन पदक त्याच्या छातीला लावले. काही मागायचे आहे का, असे विचारल्यावर त्याने जहागीर मागितली नाही. एकदा जखमी होऊन बरा झालेल्या शिपायाला पुन्हा आघाडीवर धाडू नये, एवढेच मागितले. घरी लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले की, पदक चांगले आहे, पण हा वायू मला चैन पडू देत नाही. असे शिपाई साऱ्या देशातून गेले होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात त्या युद्धात पडलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. कधी त्या बाजूला गेलात तर थांबून पाहा.

१९२५ साली जिनिव्हाला विषारी वायूवर पुन्हा बंदी झाली, या वेळी शब्द अधिक रुंद होते. विद्यार्थी म्हणतात, सर, सगळा कागदी कारभार! मी म्हणतो, तसे नाही. कागद कोठे टिकला आणि कोठे फाटला, ते पाहा. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणांगणांवर जर्मनी आणि दोस्तांनी एकमेकांच्या सैन्यावर विषारी वायू सोडला नाही. दोघांकडेही तो होता, दोघांनाही परतफेडीची भीती होती. पण १९३५-३६ मध्ये इटलीने ॲबिसीनियात मस्टर्ड वायू विमानांतून शिंपडला. ॲबिसीनिया राष्ट्रसंघाचा सभासद होता, करारात सामील होता. परतफेड करावयास त्याच्यापाशी मात्र काही नव्हते. जपानने चीनमध्ये तो वापरला. आणि जर्मनीने जे वायुकोठड्यांत केले ते तर हातात काठीही नसलेल्या माणसांवर केले.

आता शेवटचा एक प्रसंग सांगतो. २ फेब्रुवारी १९३२ रोजी जिनिव्हाला जागतिक निःशस्त्रीकरण परिषद उघडली. जपानी विमाने त्याच आठवड्यात शांघायवर बॉम्ब टाकीत होती. त्यावर विचार करण्यासाठी राष्ट्रसंघाचे मंडळ आधी बसले, आणि परिषदेचे उद्घाटन तासभर लांबले. सर्वांत मोठा प्रश्न होता तो विमानांतून होणाऱ्या बॉम्बफेकीचा. १९३३ च्या मार्चमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी एक मसुदा मांडला. त्याच्या ३४ व्या कलमात विमानांतून बॉम्ब टाकण्यावर संपूर्ण बंदी सुचवली होती. आणि लगेच कंस होता: दूरच्या काही प्रदेशांत पोलिसी कामासाठी केलेली बॉम्बफेक वगळून.

दूरचे प्रदेश म्हणजे इराक, आणि आपली वायव्य सरहद्द. १९१९ साली काबूलवर विमान गेले होते. १९२५ मध्ये वझिरिस्तानात केवळ विमानांच्या जोरावर एक पुरी मोहीम झाली होती. १९३० च्या उन्हाळ्यात पेशावरवर चालून आलेल्या आफ्रिदींवर बॉम्ब टाकले गेले होते. चौतीस वर्षांपूर्वी गोळीसाठी जी सवलत मागितली तीच आता बॉम्बसाठी, त्याच डोंगरांसाठी, त्याच माणसांसाठी. इतर राष्ट्रांनी या कंसावर बोट ठेवले. पण प्रत्येकाला आपला कोणता तरी कंस होताच. ऑक्टोबरमध्ये जर्मनी परिषदेतून उठून गेला, आणि मसुदा तेथेच राहिला. दोन वर्षांनी ब्रिटनचे हवाई मंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी लॉर्डांच्या सभेत सांगितलेही की, मध्यपूर्वेच्या आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवर तरी बॉम्बफेकी विमान राखून ठेवताना आपल्याला बरीच खटपट पडली.

ही चर्चा जिनिव्हात चालली होती तेव्हा मीर दस्त पेशावर जिल्ह्यात आपल्या गावी पेन्शनीवर होता. तो १९४५ च्या जानेवारीत वारला.